रक्तगट ओ, म्हणजे अल्सर ठरलेलाच?



या आठवड्याच्या टपालात मंठ्याहून एक पत्र आलंय. मंठा म्हणजे जालना जिल्ह्यातलं, जालन्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. पत्र लिहिणारी मैत्रीण आठवीत शिकते. ‘नाव छापू नका’ असं तिनं दोनदा लिहिलंय, तेव्हा नाव नाही छापत.

तिच्या शाळेत रक्तगट तपासणी झाली. ओळखपत्रावर रक्तगट लिहायचा होता ना! हिचा निघाला ओ पॉझिटिव्ह. तिच्या वडिलांचाही तोच. आणि वडिलांना गेल्या वर्षी डॉक्टरांनी दुर्बिणीनं तपासून पोटात अल्सर असल्याचं सांगितलं होतं. आता वर्गातल्या एका हुशार मुलानं कुठंतरी वाचलेलं जाहीर करून टाकलं, ‘ओ गटवाल्यांना अल्सर होतो!’ झालं. आजीनं घरातला ठेचा बंद केला, भाजी अळणी झाली, आणि ही पोर रात्री पोटावर हात ठेवून झोपते. तिनं विचारलंय, ‘मलापण होणार का? रक्तगट बदलता येतो का?’

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते छोटं आहे. रक्तगट जन्मभर तोच राहतो. दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवावी लागली, तर मात्र तो बदलू शकतो. पण ते रक्ताच्या मोठ्या आजारांवरचे उपचार. अल्सर टाळायला ते कुणी करत नाही!

पहिल्या प्रश्नाला मात्र जरा वेळ लागेल. त्या वर्गमित्राचं वाक्य साफ खोटं असतं, तर एका ओळीत उडवून लावता आलं असतं. ते अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं फार छळतं.

रक्तगट म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. त्यासाठी पोळ्याचा सण आठवा. मंठ्याच्या मुलांना तो वेगळा सांगायला नको. बैलांना धुतात, शिंगं रंगवतात, शिंगांच्या टोकांवर पितळेच्या शेंब्या बसवतात आणि शेंबीला रंगीत गोंडा बांधतात. आपल्या रक्तातल्या प्रत्येक तांबड्या पेशीवर अशीच इवली इवली शिंगं असतात, एकदोन नाहीत, लाखो. ती साखरेच्या रेणूंची बनलेली असतात. चहातली साखर नव्हे हं, तिच्या भाऊबंदांपैकी. या शिंगाच्या टोकावरही एक शेंबी असते. शास्त्रज्ञ तिला ‘एच’ म्हणतात. या शेंबीला एका जातीच्या साखरेचा गोंडा बांधलेला असला, की तुमचा रक्तगट ए. दुसऱ्या जातीचा असला, की बी. काही शिंगांना हा आणि काहींना तो असेल, तर एबी. आणि गोंडा नाहीच, नुसती शेंबी चमकतेय, तर तो ओ! म्हणजे ओ गटाच्या माणसाच्या रक्तात काही जास्तीचं नसतं. उलट एक गोंडा कमी असतो.

हे गट १९०१ साली व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी शोधले. पण शेंबीचं महत्त्व जगाला कळलं, ते आपल्या मुंबईत. ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

परळला केईएम रुग्णालय आहे, आणि त्याला जोडूनच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. तिथल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर अशी काही माणसं आली, की त्यांचं रक्त नेहमीच्या चाचणीत ओ दिसायचं. पण ओ गटाचंच रक्त त्यांच्या रक्तद्रवात मिसळलं, की पेशींचे गठ्ठे व्हायचे. ए घ्या, बी घ्या, ओ घ्या, काहीच जुळेना! ओ गटाचं रक्त कुणालाही चालतं, असं तुम्ही पाठ केलेलं असेल. इथं तेही चालेना. मग उलगडा झाला. या माणसांच्या शिंगांवर गोंडा तर नव्हताच, पण शेंबीच नव्हती! त्यामुळे त्यांच्या शरीराला शेंबीसुद्धा परकी वाटत होती आणि ते तिच्यावर तुटून पडत होतं. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी १९५२ साली हा शोध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात छापला. तेव्हापासून जगभर या गटाला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. शहराचं नाव बदललं, गटाचं तेच राहिलं. भारतात साधारण दहा हजारांत एखादी व्यक्ती या गटाची असते. ती रक्त देऊ शकते पुष्कळांना, पण स्वतःला लागलं, तर फक्त आपल्याच गटाचं घेऊ शकते. १९५७ साली मुंबईत रक्तगटांसाठी एक संदर्भ केंद्र सुरू झालं. त्याचीच पुढे केईएमच्या आवारातली राष्ट्रीय संशोधन संस्था झाली.

आता तुम्ही म्हणाल, पोटाचा प्रश्न विचारला आणि हे रक्तातच अडकले. अडकलो नाही. ही शिंगं फक्त रक्तात असती, तर अल्सरशी त्यांचा काही संबंधच आला नसता. पण तीच सजावट बहुतेकांच्या लाळेत असते आणि जठराच्या आतल्या अस्तरावरही असते. हे लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर ऑस्ट्रेलियात चला.

अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या आतल्या बाजूला पडलेली जखम. जठरात अन्न पचवायला जहाल आम्ल असतं. जखमेवर आम्ल लागलं, की कळ येते. पूर्वी सगळे डॉक्टर सांगत, अल्सर काळजीनं होतो, तिखटानं होतो, आम्ल जास्त झालं की होतो. दूध प्या, मिळमिळीत खा, चिडू नका! त्यानं बरं वाटायचं आणि काही महिन्यांनी दुखणं परत यायचं. पुष्कळांच्या जठराचा तुकडा कापून काढावा लागायचा.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन नावाचे डॉक्टर होते. रोग्यांच्या जठराचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, हे त्यांचं काम. १९७९ साली त्यांना त्या तुकड्यांवर वाकडे, मळसूत्रासारखे जंतू दिसले. लोक म्हणाले, आम्लात जंतू जगतो होय? पण बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी ते जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न केला. जमेना. दोन दिवस वाट पाहून बशा टाकून दिल्या जायच्या. १९८२ साली ईस्टरची सुट्टी आली आणि बशा जास्त दिवस तशाच राहिल्या. सुट्टीनंतर पाहतात तर जंतू वाढलेले! बिचाऱ्यांना फक्त जास्त दिवस हवे होते. (‘सुट्टी द्या, शोध लागतील’ असं शाळेत सांगून बघू नका. त्यामागे तीन वर्षांची मेहनत होती.)

तरी लोकांना पटेना. मग १९८४ साली मार्शलनं काय केलं असेल? त्या जंतूंचा गढूळ रस्सा स्वतःच पिऊन टाकला! घरी बायकोलाही आधी सांगितलं नव्हतं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला. दहाव्या दिवशी दुर्बिणीनं पाहिलं, तर धडधाकट जठराला सूज आलेली आणि तिथं तेच जंतू. मग औषध घेऊन तो बरा झाला. त्याला अल्सर झाला नाही, सूज आली, हे नीट वाचा; पुष्कळ ठिकाणी चुकीचं छापतात. पण जंतू जठर बिघडवू शकतो, एवढं सिद्ध झालं. २००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तुम्ही मात्र असलं काही पिऊ नका. आजकाल असे प्रयोग स्वतःवर करायला कुणी परवानगीही देत नाही.

या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. पहिल्या भागाचा अर्थ मळसूत्रासारखा जंतू. दुसरा भाग आलाय जठराच्या खालच्या दाराच्या नावावरून. त्या दाराचं ग्रीक नाव म्हणजे द्वारपाल. पण हा काही आपल्या देवळातल्या जयविजयांसारखा दाराशी उभा राहणारा नव्हे, आत घुसून बसणारा. आम्लात तो टिकतो, कारण स्वतःभोवती अमोनिया तयार करून तेवढ्यापुरतं आम्ल मारतो. मग शेपट्या हलवत अस्तरावरच्या बुळबुळीत थरात शिरतो.

पण शिरला, तरी टिकायला हवं. जठर सारखं घुसळत असतं, अन्न खाली ढकलत असतं. काही धरायला नसेल, तर जंतू वाहून जायचा. म्हणून त्याच्या अंगावर आकडे असतात.

आता आपले बैल परत आणा. १९५४ साली लंडनचे सर्जन इयान एअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो रोग्यांचे रक्तगट मोजून दाखवलं होतं, की अल्सरच्या रोग्यांत ओ गटाची माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. का जास्त, ते कुणालाच सांगता येईना. जंतूच माहीत नव्हता ना! उत्तर मिळायला १९९३ साल उजाडलं. थॉमस बोरेन या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या जंतूचा एक आकडा जठराच्या अस्तरावरच्या शिंगाच्या टोकालाच धरतो. तिथल्या शेंबीजवळ आणखी एक बारीक घुंगरू असतो. शेंबी आणि घुंगरू या जोडीवर आकडा नेमका बसतो. ओ गटात ही जोडी उघडी असते. ए आणि बी गटात वर गोंडा आडवा येतो.

इतकं सोपं असतं तर! २००४ साली आणखी तपासणी झाली, तेव्हा कळलं, की जगातले यातले बहुतेक जंतू गोंड्यासकट शिंगही धरू शकतात. फक्त दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पोटातले पुष्कळ जंतू ओ गटालाच चिकटतात; कारण ती माणसं जवळजवळ सगळी ओ गटाची, तिथं दुसरा आकडा ठेवून जंतूला करायचं काय? शिवाय या जंतूकडे इतर जागा धरायला वेगळे आकडे आहेतच. म्हणजे ए, बी किंवा अगदी बॉम्बे गटाच्या माणसानंही ‘मी सुटलो’ म्हणून उड्या मारू नयेत.

आता मंठ्याच्या मैत्रिणीला उत्तर देतो. हिशेब वहीत मांड. ज्यांच्या पोटात हा जंतू आहे, अशी शंभर माणसं घे. त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर काहीच त्रास होत नाही. अल्सर होतो, तो साधारण दहा जणांना. आता समज, ही शंभर माणसं ओ गट सोडून इतर गटांची आहेत. त्यांच्याऐवजी ओ गटाची शंभर घेतली, तर दहाचे बारा होतील, फार तर तेरा. बस, रक्तगटाचा फरक एवढाच! उरलेली सत्त्याऐंशी माणसं ओ गटाचीच आहेत आणि मजेत भाकरी खाताहेत. आपल्याकडे तीन माणसांमागे एकाहून थोडी जास्त माणसं ओ गटाची असतात. ओ म्हणजे अल्सर, असं असतं, तर मंठ्याच्या बाजारात प्रत्येक तिसरा माणूस पोट धरून बसलेला दिसला असता.

आणि पोटात जंतूच नसेल, तर बारा काय नि तेरा काय, या जंतूमुळे होणारा अल्सर होणारच नाही. तुझ्या वडिलांचा आणि तुझा गट एक आहे, म्हणून त्यांचा आजार तुझ्याकडे रक्तातून येत नाही. आलाच, तर जंतू येईल; तो तोंडावाटे येतो, आणि ए गटाच्या भावालाही तितकाच येऊ शकतो.

गंमत म्हणजे प्रत्येक गटाचं असं काही ना काही देणंघेणं असतं. ओ गटाच्या माणसाला कॉलरा झाला, तर तो जास्त जोराचा होतो. पण जीवघेण्या मलेरियापासून त्याच गटाला थोडं संरक्षण मिळतं. ए गटात अल्सर थोडे कमी, तर जठराचा कर्करोग थोडा जास्त. कुठलाच गट वर्गात पहिला नाही.

आजीला सांग, ठेच्यावरची बंदी उठवायला हरकत नाही. मिरचीनं अल्सर होत नाही. अल्सर आधीच असेल, तर तिखटानं आग होते, म्हणून वडिलांनी दुखणं असेपर्यंत कमी खावं, एवढंच. सगळ्या घराला अळणी खाण्याची शिक्षा कशाला?

यापुढचा मजकूर आईबाबांना वाचायला द्या.

पालकहो, आपल्या देशात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू आहे आणि बहुतेकांना तो लहानपणीच, घरातूनच लागलेला असतो. नेमका कोणत्या वाटेनं, याबद्दल अजून अभ्यास चालू आहे; पण उष्ट्या तोंडाचा संपर्क, उलटी, अस्वच्छ हात आणि दूषित पाणी यांवर संशय पक्का आहे. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या गावांत ‘सारखे हात धुवा’ म्हणून सांगणं सोपं आहे, हे मला कळतं. निदान शौचानंतर आणि जेवायच्या आधी तरी साबण हवाच. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा क्लोरीन टाकलेलं असावं, आणि माठात हात न बुडवता ओगराळ्यानं काढावं. आजीनं घास चावून बाळाला भरवणं प्रेमाचं असलं, तरी टाळावं.

अल्सरचं दुसरं मोठं कारण जंतू नव्हे, वेदनाशामक गोळी. कापूस वेचून कंबर धरली, गुडघे दुखले, की दुकानातून गोळी आणायची आणि रिकाम्या पोटी चहाबरोबर घ्यायची, असं रोज चालतं. अशा पुष्कळ गोळ्या जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी व्यवस्थाच कमजोर करतात. डॉक्टरांना न विचारता त्या महिनोन् महिने घेऊ नयेत. तंबाखूनंही जखम भरायला वेळ लागतो.

पोटाच्या वरच्या भागात वारंवार दुखतंय, रात्री उपाशीपोटी कळ येऊन जाग येतेय, तर खाण्याचा सोडा घेऊन दिवस ढकलू नका. श्वासाची, शौचाची किंवा दुर्बिणीची तपासणी करून जंतू आहे का, ते कळतं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात दुर्बिणीची सोय आहे. जंतू सापडला, तर आम्ल कमी करणारं औषध आणि सोबत दोन-तीन प्रकारची औषधं, बहुधा चौदा दिवस. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबलात, तर उरलेले जंतू पक्के होतात आणि मग तेच औषध त्यांना लागू पडत नाही. आपल्या देशात ही अडचण आधीच मोठी आहे. कोर्स संपल्यावर महिनाभरानं जंतू गेला का, ते पुन्हा तपासून घ्यायचं. हे फार लोक विसरतात. जंतू न मारता नुसता अल्सर बरा केला, तर वर्षाच्या आत निम्म्याहून जास्त लोकांना तो परत होत असे. जंतू मारला, तर क्वचितच होतो. मंठ्याच्या त्या वडिलांच्या कागदांवर जंतूची तपासणी झाल्याची नोंद आहे का, ते एकदा बघून घ्यावं. पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

शौच डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, किंवा पोटात एकदम सुरा खुपसल्यासारखं दुखलं, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, त्याच क्षणी. ज्या मुलांना काहीच त्रास नाही, त्यांची मात्र उगाच तपासणी करून औषधं देऊ नयेत. डॉक्टरही तसं करत नाहीत.

आता पाक्षिक परीक्षेच्या धामधुमीत एक कोडं. एका बाळाच्या आईचा रक्तगट नेहमीच्या चाचणीत ओ निघाला. वडिलांचाही ओ. पुस्तक सांगतं, दोघं ओ असतील, तर मूल ओच. पण बाळाचा गट निघाला ए! तपासणी दोनदा केली, चूक नव्हती. बाळ त्याच आईचं आणि त्याच वडिलांचं. मग हे झालं कसं? पोळ्याचा बिनशेंबीचा बैल आठवा, आणि गोंडा घरात असूनही तो बांधायला जागा नसेल, तर काय होईल, याचा विचार करा. उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा, पुढच्या आठवड्यात पाहू.